मोंडकरकाकांचा कान

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने बोलायचं आणि बाकीच्यांनी चहाची वाट बघायची, असा आमच्याकडचा रिवाज. मी तेव्हा नवा नवा सेक्रेटरी झालो होतो आणि गच्चीच्या गळतीवर फारच तळमळीने बोलत होतो. दुसऱ्या रांगेत तळमजल्यावरचे मोंडकर बसले होते. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशात काडेपेटीपेक्षा थोडी मोठी करडी डबी आणि डबीतून निघालेली वायर सरळ कानात. त्या दिवशी भारताची मॅच होती. मी बोलणं थांबवलं आणि नव्या सेक्रेटरीला शोभेल अशा खोचक आवाजात विचारलं, "काय मोंडकर, स्कोअर काय झाला?"

मोंडकरांनी डबीच्या कडेचं बारीक चाक अंगठ्याने फिरवलं आणि म्हणाले, "पुन्हा बोला."

मी पुन्हा बोललो. तेवढी अक्कल मला होती.

"स्कोअर?" ते म्हणाले. "बॅट्समन पंधरा मिनिटं खेळतोय. अजून भोपळा फुटलेला नाही."

माझ्या बायकोने, वर्षाने, मागच्या रांगेतून दबक्या आवाजात मला सांगितलं की ते कानाचं मशीन आहे. तिचा दबका आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातो. उरलेला ठराव मी कसा वाचला ते आठवत नाही.

संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, उघडलं. काकी मूळच्या मालवणकडच्या, एका शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या आणि बोलायला लागल्या की समोरच्याने नुसतं बसायचं. "हे आणि क्रिकेट?" त्या म्हणाल्या. "ह्यांका बॅट खंयची नि स्टंप खंयचो, ता तरी म्हायत आसा? बसा. सोलकढी घेतल्याशिवाय जाऊचा नाय." काका आतून आले. माफी ऐकून म्हणाले, "माफी कसली रे? तुझं रीडिंग चुकलं. एकदाच बघून बोललास ना. एक रीडिंग म्हणजे अफवा. तीनदा घ्यायचं, मग बोलायचं." तेव्हापासून ते माझे काका झाले आणि मी त्यांचा 'सेक्रेटरी'. पुढे पद गेलं, दुसरे दोन सेक्रेटरी होऊन गेले, पण काकांनी मला पदावरून काढलं नाही.

काका अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चौतीस वर्षं एकाच टेबलावर होते. कारखाना प्रेशर मोजण्याचे गेज बनवायचा. गोल तबकडी, त्यावर काटा. प्रत्येक गेज काकांच्या टेबलावर यायचा. तो किती चुकतो ते तपासून, चिठ्ठी लावून काका पुढे पाठवायचे. टेबलाशेजारच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर होता. चौतीस वर्षांत त्या कॉम्प्रेसरने त्यांचे दोन्ही कान खाल्ले. याबद्दल त्यांची कसलीच तक्रार नव्हती. "कॉम्प्रेसर चांगला होता," एवढंच म्हणायचे.

त्या टेबलावरच्या सवयी ते घरी घेऊन आले होते. काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की आधी काचेवर नखाने हलकी टिचकी. काटा कधी कधी अडकून बसतो, टिचकी मारली की खऱ्या जागी येतो. मग एक डोळा मिटून, काट्याच्या बरोबर समोर मान नेऊन वाचायचं. तिरकं बघितलं की चुकतं. घड्याळ, रिक्षाचं जुनं मीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सगळ्यांना हाच मान. एकदा भाजीवाल्याच्या तराजूला टिचकी मारली तेव्हा भाजीवाला चिडला. काका शांतपणे म्हणाले, "तुझा दोष नाही रे, काटाच सुस्तावलाय." आणि खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढून तो तिथेच नीट करून दिला. पुढे त्या भाजीवाल्याने त्यांना कधी शिळी मेथी दिली नाही.

'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "बरोबर असं काही नसतं. प्रत्येक काटा चुकतो. किती चुकतो ते माहीत असलं की काम भागतं." हा हिशेब ते माणसांनाही लावायचे. "सेक्रेटरी दहा टक्के जास्त दाखवतो," असं माझ्याबद्दल माझ्याच देखत म्हणायचे. वर्षाने लगेच दुरुस्ती केली, "वीस." काकांनी डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंधरा धरू."

ती खिशातली डबी त्यांनी स्वतः अनेकदा उघडून जोडली होती. साधं मशीन. बाहेरचा आवाज घ्यायचा आणि तसाच मोठा करून कानात सोडायचा. सभेत कुणी लांबण लावली की काकांचा अंगठा चाकाकडे जाई. वक्त्यांना ते माहीत झालं होतं. अंगठा हलला की माणूस आपोआप मुद्द्यावर यायचा. आमच्या सभा त्या काळात लवकर संपत.

मधे मी एक डिजिटल वजनकाटा घेतला, अंघोळीआधी उभं राहायचा. डॉक्टरने वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. चार दिवस रोज अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे. मी काकांना अभिमानाने सांगितलं. मधे एक लग्नही जेवून आलो होतो, तरी वजन तसंच, म्हणजे शरीर किती शिस्तीचं. काका म्हणाले, "चल, बघू." वर येऊन त्यांनी मला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. "उतर. ही पाण्याची बाटली घे हातात. चढ." अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. मी बाटली नीट पाहिली. भरलेली होती.

"याला तू आठवतोस," काका म्हणाले. "थोडाच फरक दिसला की हे धरून चालतं, तोच माणूस आहे, कशाला पुन्हा त्रास घ्या. जुनाच आकडा दाखवतं."

"म्हणजे खोटं बोलतं?"

"खोटं नाही रे. तुला बरं वाटावं म्हणून कुणीतरी त्याला तसं शिकवलंय. लोकांना आकडा हललेला आवडत नाही."

वर्षा दारात उभी होती. म्हणाली, "लग्नातले चार गुलाबजाम कुठे गेले, मला हाच प्रश्न पडला होता."

असे दिवस चालले होते, आणि मग काकींना पक्षाघात झाला.

त्या वाचल्या, घरी आल्या, डोकं पूर्वीसारखंच लख्ख होतं. उजवी बाजू गेली होती आणि शब्द गेले होते. दिवसभर बोलणाऱ्या त्या बाईकडे एकच आवाज उरला: घशातून निघणारा लांब "अंऽऽऽ". तो जरासा चढायचा, जरासा उतरायचा, एवढंच. आम्हाला तो सगळा एकसारखा वाटे. काकांना नाही. डबी छातीशी धरून, मान थोडी कलती करून ते ऐकायचे आणि म्हणायचे, "पाणी? नाही... हां, उशी." किंवा "अगो, तो दूधवाला उद्या येतलो, आज नाय." एकदा मी गेलो असताना काकींचा असाच आवाज आला आणि काका हसायला लागले. मी विचारलं, काय म्हणाल्या? "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. बायको बघत नाही काय, विचारते." मी खाली पाहिलं. तुटलं होतं.

संध्याकाळी काका त्यांना चाकाच्या खुर्चीतून आवारात आणत. त्यासाठी सोसायटीने प्रवेशाच्या तीन पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार करून घेतला होता.

त्या उतारावरच त्यांनी मला ॲनालॉग-डिजिटलचा धडा दिला. डबी अखेरच्या घटका मोजत होती. चाक फिरवलं की खरखर, वायर मिळेना, तसल्या डब्या बनवणंच बंद झालेलं. त्यांची पुण्यातली मुलगी मीनल म्हणत होती, बाबा, आता डिजिटल घ्या, मी आणते. मी आयुष्यभर विम्याचे फॉर्म तपासले. ॲनालॉग आणि डिजिटल हे दोन शब्द मी समजल्यासारखा चेहरा करून अनेक वर्षं वापरत होतो. म्हटलं, काका, आज सांगूनच टाका.

"या उतारावर उभा राहा," ते म्हणाले. "कुठेही. जरा वर. अजून एक बोट वर. राहता येतं ना? आवाज असाच असतो. चढतो, उतरतो, मधे कुठेही थांबतो. माझी डबी त्याच्या मागोमाग तसंच चढते, उतरते. ते ॲनालॉग. आता पायऱ्यांवर ये. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा राहून दाखव."

मी प्रयत्न केला. काकी खुर्चीतून बघत होत्या. त्यांच्या डाव्या गालावर हसू आलं.

"नाही ना जमत? एक, दोन, तीन. मधलं काही नाही. डिजिटल म्हणजे आवाजाचं माप घेऊन तो कितव्या पायरीवर आहे ते लिहायचं. दर क्षणाला एक आकडा."

"म्हणजे मधलं सगळं जातं? मग ते वाईटच."

"असं कुठे म्हटलं मी? पायऱ्या इतक्या बारीक करतात की पायाला कळतसुद्धा नाहीत. आणि फायदा बघ. या उताराचं चित्र तू हाताने काढ, दुसऱ्याला दे, तो ते बघून काढेल, तो तिसऱ्याला देईल. दहाव्या माणसाकडे जाईपर्यंत उताराचा डोंगर झालेला असेल. पण 'तीन पायऱ्या' असा निरोप पाठव. दहाव्याकडेही तीनच पोचणार. आकडा वाटेत मळत नाही. आम्ही काट्यावाले लोक आहोत म्हणून काय झालं, चांगल्याला चांगलं म्हणायला पाहिजे."

मीनलने मशीन आणलं. कानामागे बसणारं, शेंगदाण्याएवढं. काका पहिल्या दिवशी लहान मुलासारखे झाले होते. मला खिडकीशी नेऊन म्हणाले, "तो भारद्वाज ऐक. अकरा वर्षांनी ऐकतोय." रस्त्यावरचा गोंगाट मागे, माणसाचं बोलणं पुढे. मला त्यांच्याशी ओरडून बोलायची इतकी सवय झाली होती की ते म्हणाले, "सेक्रेटरी, हळू. आता मी बहिरा नाही, तू आहेस." जुनी डबी त्यांनी एका डब्यात घालून कपाटात ठेवली. मीनल दोन दिवस राहून परत गेली.

आठवड्याभराने काका मला फाटकात भेटले. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. असा माणूस नव्हता तो.

"ती गप्प झाली रे," ते म्हणाले.

"कोण?"

"ही. आवाजच काढत नाही. आठ दिवस झाले. मधेच बारीक काहीतरी कुरकुरतं, मला वाटतं खाटच वाजली. डॉक्टरला आणलं. तो म्हणतो तब्येत होती तशीच आहे. कधी कधी म्हणे अशी माणसं मनाने सोडून देतात." मग म्हणाले, "माझं काही चुकलं असेल. पण ते तरी ती सांगेल ना."

मी संध्याकाळी घरी गेलो. काका खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, काकी त्यांच्यापासून दोन हातांवरच्या खाटेवर. मी चप्पल काढत होतो तोच काकींचा आवाज आला. चांगला स्वच्छ, लांब, "अंऽऽऽ". मी काकांकडे बघितलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

काकींनी पुन्हा हाक मारली. त्या काकांच्याच तोंडाकडे बघत होत्या. काका वाचत होते.

सकाळी कामाला येणाऱ्या बाईंनी मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, कंटाळले. पुरुष माणूस, किती दिवस करणार." त्या आपल्या स्वतःच काकींना हवं-नको बघून जात होत्या आणि काकांशी जरा फटकून वागत होत्या.

मी म्हटलं, "काका, काकी बोलावतायत."

"चेष्टा करू नको."

"आत्ता दोनदा हाक मारली. पुन्हा मारतायत बघा."

त्यांनी वळून पाहिलं. काकींचे ओठ अर्धे उघडे होते, गळा हलत होता. काकांनी पेपर खाली ठेवला. घाबरले असतील, पण मला दिसलं ते एवढंच, की ते टेबलापाशी गेले आणि पेन्सिल आणि कागद घेऊन आले. चौतीस वर्षं संशय आला की त्यांनी हेच केलं होतं.

"तुझे कान चांगले आहेत. तू माझा मास्टर गेज, तुझ्याशी ताडून माझं किती चुकतं ते बघायचं," ते मला म्हणाले. "हिचा आवाज सुरू झाला की हात वर कर. थांबला की खाली. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. ओठ दिसले की मन फसवतं. मला ऐकू येईल तोवर मी रेघ ओढीन." मग काकींना म्हणाले, "गो, मोठ्यान म्हण. दमशीत तवसर म्हण."

काकींनी डोळ्यांनीच होकार दिला.

आवाज सुरू झाला. मी हात वर केला. काकांची पेन्सिल कागदावर सरकली, पेराएवढी, आणि थांबली. काकी म्हणतच होत्या. माझा हात वर. काका भिंतीकडे बघत वाट पाहत राहिले.

"पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा तेच. पेराएवढी रेघ.

"तिसरं."

तिसऱ्या वेळी काकींनी सगळा दम लावला. पेन्सिल थांबली. बराच वेळ झाला. आवाज संपला असेल असं समजून काकांनी मान वळवली. माझा हात अजून वरच होता.

ते उठून काकींजवळ जाऊन बसले. त्यांचा पडलेला उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "माका आयकाक येत नव्हता गो," ते म्हणाले. "तू गप नव्हतंस." एवढंच. मी चप्पल शोधायला लागलो. ती माझ्या पायातच होती, एक काढायची राहिलीच होती.

काय झालं होतं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समजावलं. दोष आकड्यांचा नव्हता. जुनी डबी बिचारी काहीच ठरवत नसे. येईल ते मोठं करून पुढे ढकलायची, काकी, पंखा, कुकर सगळं. नव्या मशीनकडे आवाज आकड्यांत येतो, त्यामुळे त्याला त्यावर विचार करता येतो. आणि त्याला शिकवलं आहे की माणसाचं बोलणं तुटक असतं, एकसारखा लांब चालणारा आवाज पंख्याचा, मोटारीचा असतो. तो माणसाला नको असतो. काकींचा आवाज सुरू झाला की मशीन क्षणभर ऐकायचं, मग ठरवायचं की हा पंखा आहे, आणि पुसून टाकायचं. "मला बरं वाटावं म्हणून," काका म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मशीनच्या दुकानातली मुलगी सुट्टीवर होती, चार दिवसांनी येणार होती. जुनी डबी काढून पाहिली, ती पुरती मेली होती. ते चार दिवस काका काकींच्या तोंडासमोरून हलले नाहीत. पेपर नाही, आंघोळ दोन मिनिटांत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालूनच हाक मारून बोलावलं. "ये. ऐक."

काकींनी माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अं." थांबल्या. पुन्हा श्वास. "अं."

"दोन म्हणजे कूस बदल," काका म्हणाले. "एक म्हणजे पाणी. तीन म्हणजे नको. पहाटेपासून हेच चाललंय. परवा मी रेघा ओढत होतो ना, ती बघत होती. तिच्या लक्षात आलं, सुरुवातीचा तुकडा पोचतो. म्हणून आता तुकडेच पाठवते." त्यांनी काकींची कूस बदलली, पाठीमागे उशी लावली. "एकही चूक नाही. पूर्वी ती उशी मागायची आणि मी पाणी द्यायचो. आता शंभर टक्के."

मी काहीतरी कौतुकाचं बोलणार होतो. त्यांनी हाताने थांबवलं.

"पण प्रत्येक तुकड्याला तिला वेगळा श्वास घ्यावा लागतो. मानेच्या शिरा बघ. आणि..." ते शब्द शोधत होते. "पूर्वी ती पाणी मागायची त्यात मला बोलायचीसुद्धा. उशीर केलास म्हणून. किंवा तूही पी म्हणून. आता नुसतं पाणी येतं रे."

चौथ्या दिवशी मी रिक्षा आणली आणि आम्ही तिघं बोरीवली स्टेशनजवळच्या त्या दुकानात गेलो. मुलगी गोड होती, काकांना 'आजोबा' म्हणत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मशीन कॉम्प्युटरला जोडलं. म्हणाली, "आवाज गाळणं पूर्ण बंद करता येतं, आजोबा. पण मग पंखे, गाड्या, ड्रिलिंग सगळं अंगावर येईल. डोकं दुखेल. असं करूया, दोन सेटिंग ठेवते. बाहेर जाताना हे, घरी ते."

"ती बाहेर माझ्याबरोबर असते," काका म्हणाले. "एकच ठेव."

"पण दिवसभर..."

"बाळा, मी चौतीस वर्षं कॉम्प्रेसरला टेकून बसलोय. तू कर बंद."

तिने बंद केलं. काकांचा चेहरा आक्रसला. बाहेर बेस्टची बस उभी होती, तिचं इंजिन त्यांच्या कपाळावर दिसत होतं. ते काकींच्या खुर्चीपुढे वाकले. काकी म्हणाल्या, "अं." श्वास. "अं."

"नाय गो. तसा नको. पयल्यासारखा म्हण."

काकींनी मान हलवली. तीनदा. त्यांचा त्या मशीनवर विश्वास राहिला नव्हता, आणि हाक वाया घालवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. काका वाकलेलेच राहिले. दुकानातली मुलगी, मी, तिचा मदतनीस, सगळे उगाच भिंतीवरचे कानांचे तक्ते बघायला लागलो. मग सुरू झाला तो लांब आवाज, आधी बिचकत, मग चढत, मधे थोडा थरथरत. काकांनी एक डोळा मिटला होता. आवाज संपेपर्यंत ते हलले नाहीत, संपल्यावरही क्षणभर नाही.

"काय म्हणाल्या?" मुलीने विचारलं.

"रिक्षा थांबवून ठेवलीय, मीटर पडतंय, म्हणते," काका म्हणाले आणि रुमाल काढून नाक पुसत बसले.

त्यानंतर दोन वर्षं काकांनी ते सेटिंग बदललं नाही. शेजारच्या प्लॉटवर जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहत होता. सकाळी आठला ड्रिल सुरू व्हायचं की माझ्यासारखा धडधाकट माणूस खिडक्या लावून घ्यायचा. काका कपाळ दाबून काकींशेजारी बसलेले असत. मी म्हटलं, काका, तासभर काढून ठेवा ना ते. ते म्हणाले, "आणि तिने त्याच तासात हाक मारली तर?" 

मग आमचीही बिल्डिंग पाडायचं ठरलं. लोक भाड्याच्या घरात पांगले. काका-काकी मीनलकडे पुण्याला निघाले. त्या दिवशी आवारात तीन टेम्पो उभे होते, हमाल ओरडत होते, कुणाचं तरी कपाट जिन्यात अडकलं होतं. काकींना गाडीत मागे बसवलं होतं, काका शेजारी. मी खिडकीशी वाकून निरोप घेत होतो. त्या सगळ्या कल्लोळात काकींचा आवाज आला. मला तो जेमतेम ऐकू आला. काकांनी माझं वाक्य अर्ध्यावर सोडून तिकडे मान वळवली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "होय गो." काकींनी डोळे मिटून मान मागे टेकली.

"काही हवंय का त्यांना?" मी विचारलं. "पाणी आणू?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काटा तिरका वाचणाऱ्या नव्या माणसाकडे बघत असतील तसं. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि गाडी निघाली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

गेल्या महिन्यात मीनलचा फोन आला. काका झोपेत गेले होते. पंधरा दिवस झाले होते. ती बराच वेळ बोलली. काकी बऱ्या आहेत. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस, तीन म्हणजे नको, हे काकांनी तिला पुण्याला पोचल्याच दिवशी शिकवलं होतं, ते नर्सलाही जमतं, काही अडत नाही. "पण काका," ती मला म्हणाली, "आई मधेच तो लांब आवाज काढते. जुना. दुपारी जास्त. मी सगळं करून बघते, पाणी, उशी, पंखा. प्रत्येक वेळी ती तीनदा अं-अं-अं करते. नको, नको. मग पुन्हा तेच. बाबा सगळं लिहून ठेवायचे ना? तुमच्याकडे काही दिलं होतं का, कुठल्या आवाजाचा काय अर्थ?"

माझ्याकडे काही नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक गेजला चिठ्ठी लावणाऱ्या माणसाने याची एक ओळ लिहिली नव्हती. मी तिला म्हटलं, आठवून बघतो. फोन ठेवला आणि खरंच आठवत बसलो: बटणाचा आवाज कसा होता, रिक्षाचा कसा होता. एकही वेगळा काढता येईना.

वर्षा शेजारी मटार सोलत बसली होती. तिने फोन ऐकला होता. आमच्या घरात फोन सगळ्यांचा असतो. मी म्हटलं, "आता काय कळवू तिला?"

ती सोलता सोलताच म्हणाली, "आठ दिवस उत्तर आलं नव्हतं, तेव्हाही त्या मारतच होत्या हाका. मी असते तर दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मीनलला फोन लाव. अर्थ शोधत बसू नकोस म्हणावं. जवळ जाऊन ओ दे."